चिलखती वाहन आणि मुरुमाखालचा सुरुंग

कोल्हापूर : १ मे २०१९ रोजी सारे राज्य महाराष्ट्र दिन साजरा करीत असताना गडचिरोली जिल्ह्यातील कुरखेडा तालुक्यात जांभुळखेडा गावाजवळ भूसुरुंगाचा स्फोट झाला आणि शीघ्र प्रतिसाद पथकाचे १५ पोलीस व त्यांचा खाजगी वाहनचालक असे १६ जण मृत्युमुखी पडले. दादापूर येथे नक्षलवाद्यांनी रस्त्याच्या कामावरील वाहने जाळली होती. तिकडेच हे पथक निघाले होते. ते ज्या गाडीतून जात होते तिला कोणतेही चिलखत नव्हते. त्याआधी ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात सी-६० पथकाचे सात जवान अशाच साध्या गाडीत बळी पडले होते.

गडचिरोली आणि कोल्हापूर ही राज्याची दोन टोके. तरीही हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही, असे आम्हांस वाटते. राज्य राखीव पोलीस दलाचा एक गट कोल्हापुरात आहे आणि या दलाच्या तुकड्या आळीपाळीने गडचिरोलीच्या बंदोबस्तासाठी जात असतात. शिरोळ तालुक्यातील एका गावाच्या तर नावातच ‘सैनिक’ आहे : सैनिक टाकळी. ज्या जिल्ह्यातून एवढी मुले वर्दीत जातात, त्या जिल्ह्याने त्यांच्या पायाखालच्या रस्त्याचा विचार करावयास हवा.

सुरुंगरोधक वाहनाची कल्पना आफ्रिकेतील आहे. १९७० च्या दशकात रोडेशियात (आजचे झिम्बाब्वे) व दक्षिण आफ्रिकेत तिने आकार घेतला. तत्त्व साधे आहे. गाडीचा तळ सपाट न ठेवता होडीसारखा निमुळता करावयाचा आणि तो जमिनीपासून उंच ठेवावयाचा. खाली स्फोट झाला की त्याचा दाब दोन्ही बाजूंना वळतो. आसने तळाला न जोडता छताला किंवा भिंतीला टांगली म्हणजे जवानांच्या मणक्याला बसणारा धक्का कमी होतो. चाके आणि इंजिन निकामी झाले तरी चालते. आतील माणूस वाचला पाहिजे. इराकमध्ये अमेरिकन सैन्याची मनुष्यहानी वाढली, तेव्हा २००७ पासून त्या देशाने अशी वाहने हजारोंच्या संख्येने घेतली.

आपल्या देशात मेदक येथील आयुध कारखान्यात ‘आदित्य’ हे वाहन तयार झाले. पुण्याच्या भारत फोर्जने दक्षिण आफ्रिकेतील पॅरामाउंट समूहाच्या सहकार्याने ‘कल्याणी एम ४’ आणले. फेब्रुवारी २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने त्यासाठी सुमारे १७८ कोटी रुपयांची मागणी नोंदविली. कंपनीच्या म्हणण्यानुसार ५० किलोपर्यंतच्या स्फोटाला ते तोंड देऊ शकते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेतील भारतीय तुकड्यांसाठीही हे वाहन निवडले गेले.

मग प्रश्न सुटला काय? अनुभव तसे सांगत नाही. ३ सप्टेंबर २००५ रोजी छत्तीसगडमध्ये सुरुंगरोधक वाहनच उडविण्यात आले आणि त्यातील २४ जण ठार झाले. १३ मार्च २०१८ रोजी सुकमा जिल्ह्यात किस्टाराम येथे पुन्हा तेच घडले. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे नऊ जवान गेले. चिलखत जाड झाले, तसतशी रस्त्याखाली पुरलेली स्फोटके वाढत गेली. पोलादाच्या जाडीला मर्यादा आहे, मुरुमाखाली पुरावयाच्या दारूला ती नाही. म्हणूनच जंगलभागात पायी गस्त घालणे आणि वाहन नेण्यापूर्वी रस्ता तपासणे हे नियम झाले. ६ जानेवारी २०२५ रोजी विजापूर जिल्ह्यात आठ जवान व त्यांचा चालक साध्या गाडीत बळी पडले, तेव्हा हे नियम किती मोलाचे आहेत याची पुन्हा आठवण झाली. चिलखत हे या दक्षतेला जोड आहे. त्याच्या भरवशावर दक्षता सैल झाली, तर तेच घातक ठरते.

आणखी एक बाजू आहे. त्याच रस्त्याने गावकरीही जातात. मे २००६ मध्ये गडचिरोलीत लग्नाच्या वऱ्हाडाची गाडी सुरुंगात सापडली आणि १२ जण मरण पावले. वऱ्हाडाला चिलखत कोण देणार? सुरुंगाला वर्दी ओळखता येत नाही. या जाणिवेतूनच १९९७ साली ओटावा येथे मानवविरोधी सुरुंगांवर बंदी घालणारा करार झाला. व्हॅटिकनने त्यावर सही केली. भारताने, सीमांच्या संरक्षणाचे कारण देऊन, केली नाही. २०२५ मध्ये तर लिथुआनिया, लाटविया, एस्टोनिया, फिनलंड आणि पोलंड या देशांनी रशियाच्या भीतीने करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला. ही मागे जाणारी पावले आहेत आणि ती चिंताजनक आहेत.

गडचिरोलीत मात्र चित्र बदलत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या नावाने ओळखला जाणारा ज्येष्ठ माओवादी नेता साठ सहकाऱ्यांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. परंतु माणूस शरण आला म्हणून त्याने पुरलेला सुरुंग आपोआप वर येत नाही. तो वर्षानुवर्षे वाट पाहतो. शरण आलेल्यांकडून अशा जागांची माहिती घेऊन त्या मोकळ्या करणे, हे काम आता तातडीने व्हावयास हवे.

बंदोबस्तासाठी जाणाऱ्या प्रत्येक पथकाला योग्य वाहन मिळावे, घाईच्या प्रसंगीही रस्ता तपासल्याशिवाय गाडी पुढे जाऊ नये आणि शांततेच्या काळात जमीन निर्धोक करण्यासाठी पैसा उपलब्ध व्हावा, ही मागणी कोल्हापूरकरांनीही केली पाहिजे. चांगले वाहन जवानाला घरी परत आणते, हे खरे. पण त्याच रस्त्याने शाळेला निघालेले मूल जेव्हा निर्धास्तपणे चालू लागेल, तेव्हाच शांतता आली असे आम्ही म्हणू.