द्राक्षावरील बुरशी व गांवाचा स्वाद

गोराई-मनोरीकडे ताडाचा रस उतरतांना आमच्या बोरिवलीच्या ज्या वाचकांनीं पाहिला असेल, त्यांस पुढील म्हणणें सहज पटेल. मडक्यास आंतून चुना लावला तर सकाळीं गोड नीरा मिळते. न लावला तर कांहीं तासांत रस फसफसून त्याची ताडी होते. विरजण कोणी घालीत नाहीं. मडक्यांत व झाडावर असलेलें यीस्ट, म्हणजे एका पेशीची सूक्ष्म बुरशी, तें काम करिते.

द्राक्षाचेंही तसेंच आहे. ‘नाशिक व्हॅली वाईन’ ह्या नांवास भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे, व तिकडील बागायतदार बंधु ‘आमच्या मातीचा स्वाद’ असें अभिमानानें म्हणतात. आमचा जन्म महसूल खात्यांत गेला. सात-बाराच्या उताऱ्यावर क्षेत्र, आकार, पीक सर्व येतें. मण्याच्या सालीवर काय राहतें त्यास मात्र रकाना नाहीं. तेथें यीस्ट व इतर बुरशांच्या नाना जाती नांदतात. ह्या वस्तीचा नमुना प्रांत, द्राक्षाची जात व हंगाम ह्यांप्रमाणें बदलतो, असें कॅलिफोर्नियांतील शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं दाखविलें. पुढील वर्षीं न्यूझीलंडांत असें दिसलें कीं, सहा प्रांतांतील यीस्टनीं एकाच प्रकारचा रस आंबविला तरी वाईनमधील स्वादाचे घटक प्रांतागणिक निराळे निघतात.

म्हणून फवारणी सोडा, असें आम्ही म्हणत नाहीं. केवडा व भुरी ज्यानें पाहिली, तो असा सल्ला देणार नाहीं. शिवाय रस शेवटपर्यंत आंबविणारी मुख्य जात निरोगी मण्यावर क्वचितच सांपडते. फुटलेले मणी, गांधीलमाशीचें पोट व कारखान्यांतील भांडीं हीं तिचीं घरें. तेव्हां सर्व श्रेय शेतानें घेणें ही आत्मस्तुतीच होय. आमची तक्रार निराळी आहे. पुष्कळ ठिकाणीं रस आंबतो तो पाकिटांतील विकतच्या यीस्टनें, आणि बाटलीवर नांव गांवाचें! त्या यीस्टनें रस नासण्याची भीति कमी होते, हें खरें. पण मग गांवाचा हिस्सा किती उरला, हें कोणी पाहिलें आहे काय?

बागायतदारांनीं करार करितांनाच कारखान्यास अट घालावी कीं, आपल्या बागेचा एक पिंप रस विकतचें यीस्ट न घालतां आंबवावा, व शेजारीं तोच रस यीस्ट घालून ठेवावा. (घरीं हा उद्योग करूं नये, परवान्याचा कायदा आम्हांस पाठ आहे.) त्या ओळींवरील गंधक व मोरचुदाची शेवटची फवारणी तोडणीच्या पुरेशी आधीं संपवावी, कारण त्यांचा अंश रसांत उतरल्यास आंबणें मंदावतें. बिघडला तर एक पिंप गेला. चांगला निघाला, तर भाव ठरवितांना वजन व साखर ह्यांपलीकडे बोलावयास आपल्यापाशीं कांहीं असेल.