खेळांतलें सोनें व खरा पैसा

इंटरनेटवर हजारों लोक मिळून खेळतात अशा कित्येक खेळांत एक काल्पनिक नाणें असतें. राक्षस मारावे, खाणी खणाव्या, तेव्हां कोठें तें हातीं येतें. २००४ सालीं ब्लिझर्ड या अमेरिकन कंपनीनें काढलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळांतील सोनें असेंच. परंतु खरे डॉलर देऊन तें विकत घेणारे खेळाडू निघाले, आणि चीनमधील तरुण मजूर अल्प मजुरीवर १२-१२ तास तेच ते राक्षस मारून तें गोळा करूं लागले. ही विक्री नियमबाह्य होती. मजुरांचीं खातीं बंद होत. इतर खेळाडू त्यांस खेळांत हेरून मारीत. पुढें २०१५ सालीं कंपनीनेंच ‘टोकन’ काढलें: खेळाडूनें तें पैशानें घ्यावें व खेळांतल्या बाजारांत सोन्याला विकावें!

कोणी म्हणेल, पैसा आमचा, इच्छा आमची. शिवाय मजुराचेंही पोट भरतें. पोटासाठीं राबणाऱ्यास आम्ही दोष देत नाहीं. दोष गिऱ्हाइकाचा आहे. भाडोत्री पायांनीं जिंकलेल्या शर्यतीचें पदक छातीवर मिरविण्यांत भूषण तें कोणतें? ज्यास खेळण्याचे श्रम नकोत, त्यास खेळ तरी कशाला हवा? खेळाची गोडी श्रमांतच आहे. ते दुसऱ्यावर लादले, कीं एकाचा खेळ जातो आणि दुसऱ्याच्या वांट्यास नुसतें राबणें येतें. आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींनीं याचा अवश्य विचार करावा.