आधी वाचायला द्या, मग विकायला सांगा

ही विनंती बबीना छावणीतल्या मराठी कुटुंबांना आहे, आणि झाशी-ग्वाल्हेरकडच्या मराठी मंडळींनाही. तुमच्यातलं कोणी ना कोणी लिहितंच. दर दोन-तीन वर्षांनी हलणारा संसार, फायरिंग रेंजच्या आवाजात वाढलेली मुलं, झाशीतली जुनी मराठी घरं, हे सगळं आता स्वतःच ई-पुस्तक करून काढता येतं. ॲमेझॉनच्या केडीपी या स्व-प्रकाशन सेवेवर मराठी पुस्तक चढवायला पैसे पडत नाहीत. घोळ पुढे होतो, ‘माझं पुस्तक खपवा, कमिशन देतो’ म्हणत माणसं जमवताना.

आधी हिशेब करा. किंमत १०० रुपये आणि रॉयल्टी ३५ टक्के असेल, तर कर बाजूला ठेवूनही हातात ३५ रुपयेच येतात. उत्साहात ४० टक्के कमिशन कबूल केलंत, तर प्रत्येक प्रतीमागे पाच रुपये पदरचे जातील. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मिळवायचे, तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये घालावं लागतं, आणि मग ९० दिवस ते डिजिटल रूपात दुसरीकडे कुठेही देता येत नाही. प्रचार करणाऱ्यांना व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवणं म्हणजे तो करार मोडणंच. नमुना म्हणून दहा टक्के भाग मात्र देता येतो. त्या ९० दिवसांत पुस्तक पाच दिवस मोफतही ठेवता येतं. तेव्हा प्रचार करणाऱ्यांना ते मोबाइलवर उतरवून घ्यायला सांगा.

आणखी एक अडचण बहुतेकांच्या उशिरा लक्षात येते. केडीपीचा अहवाल किती प्रती गेल्या एवढंच सांगतो. कोणाच्या शब्दावर गेल्या, ते सांगत नाही. मग ‘माझ्यामुळे वीस गेल्या’ या वाक्यावर स्नेह तुटतात. ॲमेझॉनचा असोसिएट्स कार्यक्रम आहे, त्यात कमिशन ॲमेझॉन देतं; ज्याला हवं त्याने तिथे नाव नोंदवावं. तुम्हालाच कमिशन द्यायचं असेल, तर सिलेक्टबाहेर राहून स्वतः विक्री करा आणि प्रत्येकाला वेगळा कूपन कोड द्या.

छावणीत सर्वांत जास्त जपायचं ते हुद्द्याला. साहेबांनी किंवा साहेबांच्या घरून पुस्तक खपवायला सांगितलं, तर हाताखालचा जवान नाही म्हणू शकत नाही. त्याची बायकोही नाही. तो आपल्या गावाकडच्या ग्रुपवर लिंक टाकेल, स्वतः एक प्रत विकत घेईल आणि पुस्तक उघडणारही नाही. हा अन्याय आहे, आणि त्यातून वाचक एकही मिळत नाही. ज्याला नकार देण्याची मोकळीक नाही, त्याला विचारूच नका. कल्याणकारी कामांसाठी असलेले ग्रुपही या कामाला वापरू नका. लेखक सेवेत असेल आणि विषय लष्करी असेल, तर आर्मी रूल्स, १९५४ मधल्या २१व्या नियमाप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. ती हातात येईपर्यंत कोणालाही शब्द देऊ नका.

मग विचारायचं कोणाला? बबीन्याला ज्याच्या तुकड्या असतात त्या रणगाडा दलाचं प्रशिक्षण नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, होतं. बबीन्याला राहून गेलेली कितीतरी घरं आज तिथे किंवा निवृत्त होऊन आपापल्या गावी आहेत. त्यांतल्या ज्यांनी पुस्तक वाचलंय आणि ज्यांना ते आवडलंय, अशा चार-पाच जणांनाच सांगा. शंभर अनोळखी लिंकवाल्यांपेक्षा त्यांचा शब्द मोलाचा, कारण ऐकणारा त्यांना ओळखतो. प्रचारक व्हायला त्यांच्याकडून फी घेऊ नका, आणि ‘आणखी माणसं आणा, त्यांच्यावरही कमिशन’ असली साखळी तर मुळीच लावू नका. पिरॅमिड योजनांना २०२१च्या थेट विक्री नियमांनी बंदी आहे.

त्यांनी पोस्टमध्ये ‘या विक्रीवर मला कमिशन मिळतं’ हे स्पष्ट लिहायला हवं. जाहिरातींबाबतच्या केंद्राच्या जून २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असे आर्थिक संबंध उघड करावे लागतात. वाचणाऱ्यालाही ते कळायलाच हवं. पैसे देऊन किंवा घरच्यांकडून अभिप्राय लिहून घेणं ॲमेझॉनला चालत नाही; तसे अभिप्राय काढून टाकले जातात.

दर किती, मोजणी कशी, परत आलेल्या प्रतीचं काय आणि पैसे कोणत्या तारखेला, हे एका कागदावर लिहून दोघांनी सही करा. रक्कम चाळीस रुपये असली तरी त्या तारखेला यूपीआयने पाठवा आणि सोबत किती प्रती गेल्या तेही कळवा.