इन्सुलिन मोजलं, यकृत कुणी पाहिलं?

एखाद्याचं लिव्हर खराब झालं असं कानावर आलं, की गावात पहिला प्रश्न ठरलेला असतो : घेत होता का? दुसरा प्रश्न काविळीचा. दारू आणि कावीळ यांच्यापलीकडे यकृताची दखल घेण्याची आपल्याकडे रीत नाही. शुगर निघाली की चर्चा होते ती स्वादुपिंडाची, इन्सुलिनची, भाताची आणि चहातल्या साखरेची. यकृताचं नाव त्यात निघत नाही. खरं तर स्वादुपिंडातून बाहेर पडलेल्या इन्सुलिनपैकी साधारण निम्मं, कधी त्याहूनही जास्त, हेच यकृत पहिल्या फेरीत संपवून टाकतं.

जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. हंगामात इथून गाड्या भरून मिरची परराज्यांत जाते. आता समजा, इथून निघालेल्या प्रत्येक गाडीतला निम्मा माल पहिल्याच नाक्यावर उतरवून घेतला जातो. दिल्लीच्या मंडईत पोहोचलेली पोती मोजून 'पिंपळगावला यंदा मिरची किती झाली' हे सांगायला निघालेला व्यापारी हमखास फसेल. नाक्यावरचा माणूस ढिला पडला, तर शेतात एक मिरची जास्त पिकलेली नसतानाही दिल्लीत आवक वाढलेली दिसेल.

शरीरात हेच घडतं. स्वादुपिंडातलं इन्सुलिन थेट सगळीकडे जात नाही. आतड्यांकडून यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत ते उतरतं आणि आधी यकृतात पोहोचतं. तिथे ते पेशींवरच्या ग्राहींना चिकटतं आणि साखर तयार करणं थांबवण्याचा निरोप देतं. मग पेशी त्याला आत ओढून त्याचे तुकडे करतात. जे सुटतं ते पुढे स्नायू, चरबी, मूत्रपिंड अशा वाटेला लागतं, आणि त्यातलं बरंचसं मूत्रपिंडं मोडून काढतात. मूत्रपिंड निकामी होऊ लागलेल्या मधुमेही माणसाला इन्सुलिनचा डोस बहुतेकदा कमी करावा लागतो, तो याचसाठी. रक्तातल्या इन्सुलिनचं आयुष्य जेमतेम काही मिनिटांचं. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ मात्र रक्त काढतो हातातून, म्हणजे नाका ओलांडल्यानंतर.

महाराष्ट्रात इन्सुलिनची गोष्ट एरवी वैद्यकीय महाविद्यालयाच्या वर्गातच राहिली असती. पण डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी गावोगाव नेला. दिवसातून दोनदाच, दरवेळी ५५ मिनिटांच्या आत जेवा. तोंडात काही टाकलं की इन्सुलिन स्रवतं, म्हणून मधलं खाणं बंद. राज्य सरकारच्या स्थूलताविरोधी मोहिमेचा चेहराही ते झाले. थोड्या थोड्या वेळाने खा सांगणाऱ्या आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचे अनुयायी एका बाजूला आणि दीक्षितांचे दुसऱ्या, असे तट एकेका घरात पडले होते. या वादाचं मोठं श्रेय असं, की इन्सुलिन हा शब्द इंजेक्शनच्या बाहेर आला. फास्टिंग इन्सुलिन, म्हणजे उपाशीपोटी इन्सुलिन मोजण्याची तपासणी, तालुक्याच्या लॅबमध्येही लोक नाव घेऊन मागू लागले.

मात्र तो आकडा वाचला गेला एकाच अर्थाने. इन्सुलिन वाढलं, म्हणजे स्वादुपिंड जास्त गाळतंय, म्हणजे तुम्ही फार वेळा खाता. ही साखळी अर्धीच आहे. त्याच आकड्यात यकृताने किती कमी उचललं हेही मिसळलेलं असतं. शिवाय लॅबगणिक मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, सगळीकडे लागू पडेल अशी एक रेषा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर 'माझं अठराचं आठवर आलं' म्हणून रिपोर्ट फिरवणाऱ्याचा आनंद खोटा नसतो, पण स्वादुपिंड शांत झालं की यकृत पुन्हा कामाला लागलं, हे तो रिपोर्ट सांगत नाही. कमी खाल्ल्यावर आणि वजन घटवण्याच्या बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर यकृताची इन्सुलिन उचलण्याची ताकद सुधारते, हे दिसून आलेलं आहे. म्हणजे दोन वेळच्या जेवणाने खरोखर फायदा झालेल्यांपैकी अनेकांनी त्याचं श्रेय भलत्याच अवयवाला दिलं असण्याची शक्यता बरीच आहे.

विज्ञानही या वळणावर एकदा अडखळलं होतं. १९४९ साली आर्थर मिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्याने यकृताच्या अर्कात इन्सुलिन नष्ट होतं हे दाखवलं, आणि त्या घटकाला इन्सुलिनेज म्हटलं. मिर्स्कींना वाटलं, हे विघटन जास्त झालं की मधुमेह होत असावा. पुढे १९६० मध्ये रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातलं इन्सुलिन नेमकं मोजण्याची पद्धत दिली, आणि प्रौढ वयातल्या अनेक मधुमेहींच्या रक्तात इन्सुलिन कमी नाही, उलट भरपूर आहे असं निघालं. यॅलोंना १९७७ मध्ये नोबेल मिळालं. बर्सन तोवर हयात नव्हते. मिर्स्कींचा संशयित बरोबर होता, आरोप मात्र उलटा ठरला. लठ्ठपणात यकृत इन्सुलिन जास्त नव्हे, कमी मोडतं.

का? चरबी साचलेल्या यकृताच्या पेशी इन्सुलिन आत ओढण्यात मंदावतात. या कामात सीकॅम-१ नावाचं प्रथिन मदत करतं. अमेरिकेत सोनिया नज्जर यांच्या गटाने २००२ मध्ये उंदरांच्या यकृतात हेच प्रथिन निकामी केलं. उंदरांच्या रक्तात इन्सुलिन साचलं, शरीर त्याला दाद देईनासं झालं आणि पोटात चरबी वाढली. सुरुवात स्वादुपिंडापासून झालीच नव्हती. माणसात नेमकं आधी काय बिघडतं यावर अजून वाद चालतो. एका पक्षाच्या मते शरीर इन्सुलिनला जुमानत नाही म्हणून स्वादुपिंड जास्त गाळतं. दुसऱ्याच्या मते यकृत उचलत नाही म्हणून इन्सुलिन तुंबतं, आणि सततच्या माऱ्याने पेशी बधिर होतात. इन्सुलिन चढलं की यकृतात चरबी आणखी तयार होते, त्यामुळे एकदा चक्र फिरू लागलं की सुरुवात कुठली, हा प्रश्न रुग्णापुरता तरी मागे पडतो.

या चक्रात अडकायला आपल्या मराठी माणसांना फार लठ्ठ असावं लागत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचं एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याच देहाचा असा दाखला जगासमोर ठेवणारे डॉक्टर विरळाच. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून याज्ञिक गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेत आले. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं हाडामांसाने किरकोळ, पण त्वचेखालची चरबी त्यांनी राखलेली. पुण्यातल्या नवजातांच्या नाळेच्या रक्तात लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इन्सुलिनही जास्त आढळलं. जन्माला येऊन एक घासही न खाल्लेल्या बाळाचं हे इन्सुलिन 'फार वेळा खातो' या खात्यात कसं टाकणार?

तेव्हा 'काटक आहे, रोज शेतात राबतो, याला कसली शुगर' हे वाक्य मराठवाड्यात तरी आता वापरू नये. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १०.१ कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आहे. ग्रामीण भागातलं प्रमाण ८.९ टक्के. हे कमी वाटत असेल तर गावच्या मतदारयादीशी ताडून पाहावं.

इथे सरकारी कागद जनतेच्या पुढे आहे, हेही नोंदवायला हवं. केंद्राने २०२१ मध्येच दारूशी संबंध नसलेला फॅटी लिव्हरचा आजार असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. आशाताई तिशीपुढच्यांचा जो तपासणी तक्ता भरतात, त्यात कंबरेच्या घेराला गुण आहेत : बाईचा ८० सेंटिमीटरपुढे, पुरुषाचा ९० पुढे गेला की गुण वाढतात. सगळ्या तक्त्यात मिळून चारापेक्षा जास्त झाले की पुढे तपासणीला पाठवायचं. यकृतातल्या चरबीचा माग काढायला हा फितीचा घेर फास्टिंग इन्सुलिनइतकाच, खेड्यात तर जास्तच, कामाचा. फक्त तो नीट घ्यावा लागतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर. लुगड्याच्या ओच्यावरून किंवा धोतराच्या निऱ्यांवरून फीत फिरवली तर आकडा कपड्याचा येतो. दहा माणसांत, अंगणात, पदर सावरत उभ्या असलेल्या बाईचा घेर बरोबर कसा येईल? त्यासाठी आडोसा लागतो, दोन मिनिटं लागतात, आणि कामाच्या मानाने तुटपुंज्या मोबदल्यावर डझनभर नोंदवह्या सांभाळणाऱ्या आशाताईकडे नेमकी तीच नसतात.

मागणी करायची तर इथे करावी. शुगर तपासणीच्या प्रत्येक शिबिरात घेर मोजायला पडदा हवा. ज्यांची शुगर निघते त्यांची यकृताची एएलटी, एएसटी ही विकरं आणि प्लेटलेट्स त्याच वेळी तपासली जावीत. वय धरून या तीन आकड्यांवरून यकृत कडक होत चाललंय का, याचा पहिला अंदाज फोनच्या कॅल्क्युलेटरवर निघतो. आणि फास्टिंग इन्सुलिनच्या आधारे हजारोंना आहार सांगणाऱ्या मोहिमांनी निदान काही जणांचं सी-पेप्टाइडही सोबत तपासावं. स्वादुपिंड इन्सुलिनच्या प्रत्येक रेणूबरोबर सी-पेप्टाइडचा एक रेणू सोडतं, आणि यकृत त्याला जवळपास हात लावत नाही. इन्सुलिन उतरलं आणि सी-पेप्टाइडही त्याच प्रमाणात उतरलं, तर दीक्षितांचं म्हणणं बरोबर. इन्सुलिन उतरलं आणि सी-पेप्टाइड जागचं हललं नाही, तर बदल यकृतात झाला. इतके स्वयंसेवक आणि इतके रिपोर्ट हाताशी असलेल्या मोहिमेला हा प्रयोग महाराष्ट्रातच करता येईल.