सहाशे किलोंची गाडी

नागपूरच्या धंतोलीतल्या दवाखान्यांच्या गल्ल्यांतून गाडी काढायची म्हणजे घडीघडी ब्रेक आणि पुन्हा पहिला गिअर. दर वेळी सगळं वजन नव्यानं ढकलावं लागतं. पेट्रोल तिथंच जळतं.

म्हणून हा अंक गाडीच्या वजनावर.

पुण्यात विकसित झालेली टाटा नॅनो २००९ साली बाजारात आली. चाकाला तीनच नट, एकच वायपर, ६२४ सीसीचं इंजिन, वजन सुमारे ६०० किलो! चर्चा झाली ती किमतीची. वजन वाचवण्याच्या या कारागिरीला मात्र हवी तशी दाद मिळाली नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं. आता रस्ते एसयूव्हींनी भरलेत, तेव्हा तिच्याकडे पुन्हा पाहायला हवं. सुरक्षेची साधनं काढून वजन घटवणं मात्र आम्हाला मान्य नाही.

वजन घटवायला तुम्ही गाडीतून काय उतरवलंत, अ‍ॅव्हरेज वाढलं का, जरूर लिहा.