इच्छापत्र जपण्याची जबाबदारी ग्रामपंचायतीने घ्यावी

अलोरे आणि परिसरातील सर्व ग्रामस्थांस,

माणूस आता बरा होणार नाही हे डॉक्टरांना कळलेले असते, घरच्यांनाही उमगलेले असते. तरी त्याला व्हेंटिलेटर लागतो. चिपळुणात भागले नाही तर कुंभार्ली घाट चढून कराड, नाहीतर थेट मुंबई. मुंबईहून धावत आलेला मुलगा "काय लागेल ते करा" म्हणतो, कारण दुसरे काही बोलला तर भावकी आयुष्यभर ऐकवील. कर्ज होते. आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे, त्याला हे हवे होते का, हे कुणालाच माहीत नसते.

केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 रोजी हल्ला झाला. त्यानंतर 18 मे 2015 रोजी मृत्यू येईपर्यंत त्या शुद्धीवर आल्या नाहीत. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना ज्या मायेने सांभाळले त्याला तोड नाही. त्यांच्यासाठी केलेली दयामरणाची याचिका सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये फेटाळली, पण व्यर्थ उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील हे तेव्हाच मान्य झाले. त्या खटल्यात सगळे बोलले. अरुणाताईंचा स्वतःचा शब्द मात्र कुठेच लिहिलेला नव्हता.

तो शब्द लिहून ठेवण्याचा हक्क पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 9 मार्च 2018 रोजी आपल्याला दिला. पण शेवटच्या उपचारांविषयीच्या या इच्छापत्रावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागे. अलोऱ्याच्या म्हाताऱ्या माणसाने त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या? 24 जानेवारी 2023 रोजी न्यायालयाने ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत वाढलेल्या गावाला राजपत्रित अधिकारी कोण, हे सांगायला नको. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्यांची नावेही लिहायची. मन बदलले तर कधीही लेखी रद्द करता येते.

काही जण म्हणतात, हे मारणेच आहे. नाही. विषारी इंजेक्शन देणे आजही गुन्हाच आहे. इथे फक्त मरण लांबवणारी यंत्रे थांबतात. वेदना कमी करणारी औषधे आणि शुश्रूषा चालूच राहते.

दुसरा आक्षेप गंभीर आहे: जमिनीवर डोळा असलेले नातेवाईक याचा फायदा घेतील. म्हणून तर रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे एक मंडळ आणि जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेले दुसरे, अशा दोन्ही मंडळांची मान्यता लागते आणि अंमलाआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शिवाय कागद नसेल तेव्हा संमती विचारली जाते ती याच नातेवाइकांना. ज्यांना आपल्या माणसांची भीती वाटते त्यांनी तर सर्वात आधी लिहावे.

आता मुद्द्याचे. इच्छापत्राची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेकडे द्यायची आणि ती जपायला त्या संस्थेने अधिकारी नेमायचा, असे न्यायालयाने म्हटले आहे. त्यात महानगरपालिका, नगरपालिका यांच्यासोबत पंचायतीचे नाव स्पष्ट आहे. वेळ आली की डॉक्टर कागद खरा आहे का हे त्याच अधिकाऱ्याकडून पडताळू शकतात. अधिकारीच नसेल तर कपाटातला कागद आयसीयूच्या दारात निरुपयोगी ठरण्याची भीती आहे. मुंबईत डॉ. निखिल दातार यांना हे अधिकारी नेमले जावेत म्हणून उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. गोव्यात 2024 मध्ये न्यायमूर्ती महेश सोनक यांनी आपले इच्छापत्र नोंदवले. न्यायमूर्तींना आणि मुंबईच्या डॉक्टरांना जो हक्क आहे, तोच पोफळीच्या शेतकऱ्याला आणि अलोऱ्याच्या निवृत्त वायरमनला आहे. त्यासाठी त्यांना वकील करावा लागता कामा नये.

आमची मागणी आहे की येत्या ग्रामसभेत ठराव व्हावा. इच्छापत्रे स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव फलकावर लागावे, प्रत दिल्यावर पोच मिळावी, स्वतंत्र नोंदवही कुलपात राहावी आणि रुग्णालयाचा फोन आला तर रात्री-अपरात्रीही उत्तर मिळावे. ग्रामसभेला या, ठरावाच्या बाजूने हात वर करा. ग्रामपंचायतीला हे जमणार नसेल, तर तिने कारणासह लेखी नकार द्यावा. तो घेऊन आम्ही चिपळूणला गटविकास अधिकाऱ्यांकडे जाऊ.

— अलोरे येथील काही ग्रामस्थ