देवाच्या दारी सोडलेला बोका

गेल्या चातुर्मासात आमच्या देवस्थानच्या अग्रशाळेमागे कोणी एक बोका पोत्यातून आणून सोडला. सारखे पाणी पिणे, सारखे मुतणे, आणि चालताना मागच्या पायांचे घोटे जमिनीला टेकणे अशी त्याची अवस्था होती. बोका महाजनांपैकीच एका घरचा निघाला. पशुवैद्याने मधुमेह सांगितला होता. ‘रोज सुया कोण टोचणार? देवाच्या दारी सोडला म्हणजे देव बघेल’ असा निवाडा त्या घरात झाला होता. त्या निवाड्यावर आम्हांस अपील करावयाचे आहे.

वाचकहो, मांजराला मधुमेह होतो ही थट्टा नव्हे. लठ्ठ, खच्ची केलेल्या, घरबशा बोक्यांत तो विशेष आढळतो. मांजर हा जातीचाच मांसाहारी प्राणी. त्याला आपण घालतो दूधभात, आणि लाड म्हणून पेढा, ज्याची गोडी त्याच्या जिभेला कळतही नाही! श्रावण आपला आहे, मांजराचा नव्हे. आपली व्रते त्याच्या ताटलीवर लादण्याचा अधिकार आम्हांस कोणत्याही शास्त्रात सापडला नाही. ज्या घरात मासळी वर्ज्य आहे त्यांनी मांजरांसाठी मिळणारे मांसाचे डबाबंद अन्न पडवीत द्यावे. तेही साहवत नसेल तर मांजर पाळू नये.

आता सुयांविषयी. इन्सुलिन दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने, सैल कातडी चिमटीत धरून द्यावयाचे. सुई इतकी बारीक की खाण्यात गुंतलेल्या मांजराला ती बहुधा जाणवत नाही. भय आहे ते निष्काळजीपणाचे. आपल्याकडे मिलिलिटरला ४० युनिटांचे इन्सुलिन मिळते आणि १०० युनिटांचेही; लाल टोपणाची सिरिंज पहिल्याची, नारिंगी दुसऱ्याची. शंभराचे औषध लाल टोपणाच्या सिरिंजने मोजले तर मात्रा अडीचपट होते; साखर उतरून मांजर झोकांड्या खाते, आचके देते. अशा वेळी हिरड्यांना मध चोळावा आणि तत्काळ पशुवैद्य गाठावा. मांजर जेवले नाही तर त्याला विचारल्यावाचून सुई देऊ नये. दूधभात तोडतानाही त्याला आधी सांगावे, कारण आहार बदलताच इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरू शकते. कानाच्या कडेच्या थेंबभर रक्तावर साखर घरीच मोजता येते, आणि ती मोजणी अधिक भरवशाची. दवाखान्यात नुसत्या भीतीनेच मांजराची साखर चढते. उपचार वेळीच सुरू झाले तर कित्येक मांजरांची सुई काही महिन्यांत सुटतेही. ‘जन्माची ब्याद’ म्हणणाऱ्यांनी एवढी चौकशी तरी केली होती काय?

देव बघेल तेव्हा बघेल. कायद्याने मात्र बघून ठेवले आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचे तिसरे कलम प्राण्याच्या क्षेमाचे कर्तव्य पाळणाऱ्यावरच टाकते, आणि अकरावे कलम त्याला उपासमारीच्या तोंडी सोडून देणे हा अपराध ठरविते. पहिल्या अपराधास या अधिनियमाने ठेवलेला दंड दहा ते पन्नास रुपये! साखर मोजण्याच्या पट्ट्यांची एक डबी याहून महाग पडते, हे त्या हिशेबी गृहस्थाच्या ध्यानात आलेच असेल.

बोका सध्या आमच्याकडे आहे. मालकास तो परत न्यावयाचा असल्यास त्यांनी सकाळी सात वाजता यावे. सुई कशी द्यावी, तेही त्याच वेळी दाखविता येईल.